कॉफीच्या आधीचा तास

डुलूथ,
११ जानेवारी २०११

प्रिय रेइनोमामा,

चीज पोचलं. डबा उघडला आणि स्वयंपाकघरभर तुझ्या भट्टीचा वास पसरला. आर्लन म्हणाला, "तुझ्या मामाचं चीज दाताखाली उंदरासारखं चिवचिवतं." मी म्हटलं, "न चिवचिवणारं चीज आमच्याकडे कोंबड्यांना घालतात." आता हा नवराही माझ्या आईसारखंच खातो: कपात चार तुकडे, वरून उकळती कॉफी, आणि मग चमच्याने काढून.

नाताळाच्या आधीपासून पत्र का नाही म्हणून विचारलंस. काही घडलेलं नाही, थकवा आहे एवढंच. पहाटे शाळेची बस काढते, मुलं चढतात, बोलतात, आणि त्यांचे आवाज मला तळ्याच्या बर्फाखालून ऐकल्यासारखे येतात. म्हणजे ती बर्फावर आणि मी खाली, हिरव्या उजेडात, हळूहळू चालते आहे. भीती वाटत नाही. झोप येते.

परवा स्वप्नात आई होती. सॉनाच्या, आपल्या त्या वाफेच्या खोलीच्या, पायरीवर बसून माझे केस विंचरत होती आणि केस कंगव्यातच राहत होते. सकाळी उठून पाहिलं तर कंगवा खरंच भरलेला.

एप्रिलात एक लहानसं ऑपरेशन आहे. बायकांचं काही. काळजी करू नकोस.

तुझी,
सेन्या

*

केवीनॉ,
बुधवार, १९ जानेवारी २०११, सकाळी ७.२०

चिरंजीव सेन्यास, आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर तारीख होती, वार नव्हता. कृपया वार लिहीत जा. आत्ता वीस मिनिटांपूर्वी बर्फ मोजून आलो: साडेएकतीस इंच. तळ्यावरून वाफ उठते आहे, त्यामुळे पलीकडचा किनारा आज देवाने काढून घेतला आहे.

तुझ्या थकव्याबद्दल दोन दिवस विचार केला. मला वाटतं तुझं आणि आर्लनचं बिनसलं आहे. माणूस भांडणाने जितका थकतो तितका लाकडं फोडून थकत नाही. तसं असेल तर दोघांनी एकदा सॉनात बसा आणि बोलून टाका. तिथे कपडे नसतात, त्यामुळे माणसाला खोटं बोलायला जड जातं.

आणि "लहानसं ऑपरेशन" म्हणजे किती? मी सव्वीस वर्षं हवामान खात्यासाठी रोज बर्फ मोजतो. शाळा आठवीत सुटली, पण "लहानसं" हा आकडा मी आजवर एकाही रकान्यात भरलेला नाही. "बायकांचं काही" लिहून मला दाराबाहेर उभं करू नकोस. एक सॉना, आई, तीन बहिणी आणि मी, अशा घरात वाढलो आहे. मला सगळे शब्द माहीत आहेत.

तुझा मामा,
रेइनो

*

डुलूथ,
बुधवार, २ फेब्रुवारी २०११

प्रिय मामा,

वार लिहिला आहे. खूश?

आर्लनशी भांडण नाही. तो टॉवेल धुतो. काळे टॉवेल, सहा. बसमध्ये माझ्या सीटवर मी रोज एक अंथरते, कारण पाळी आली की बारा-तेरा दिवस चालते, आठवडाभर मोकळी, आणि पुन्हा सुरू. एकदा शाळेच्या दारात मुलं उतरेपर्यंत मी हलले नाही आणि डेपोपर्यंत तशीच बसून गेले. बघ, लिहिलं. आता लाज वाटली तर कागद उलटा ठेव.

दोन वर्षांपूर्वी थायरॉइड मंद असल्याचं कळलं. पाळी त्यानेच बिघडली आणि गोळीने नीट होईल, असं डॉक्टर ओस्बी म्हणाल्या. गोळी रोज घेते, एक दिवस चुकवत नाही. पण थायरॉइड मंद असलं की रक्तातला जो आकडा चढतो, तो उतरत नाही. चारच्या आत हवा, माझा एकोणीस. त्यांनी डोस तीनदा वाढवला. शंभर, सव्वाशे, दीडशे, आता पावणेदोनशे मायक्रोग्रॅम. काही नाही. रक्त जाऊन जाऊन अंगातलं लोह संपलं म्हणून लोहाची गोळी दिली, तीही घेते. गर्भाशयाचे फोटो काढले, आत गाठ नाही, काही नाही. बाळ हवं असेल तर रक्त थांबवायची बरीचशी औषधं घेता येत नाहीत, ती मी घेतली नाहीत, उरलेल्यांनी रक्त थांबलं नाही, आणि बाळ तर पाच वर्षांत झालेलं नाही. मग शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी १४ एप्रिल दिली. गर्भाशय काढायचं.

सगळ्यांना वाटतं मी तयार आहे. मी मान हलवते ना. पण मामा, मला ते नको आहे. छत्तीस वर्षांची आहे मी. आर्लनला सांगायचं धाडस होत नाही. टॉवेल पिळताना त्याचा चेहरा पाहिला की शब्द गिळते.

स्वप्नात एक थांबा लागतो. यादीत नसलेला, बर्चच्या झाडांमध्ये. मी बस थांबवते, दार उघडते, आणि धुकं आत येऊन पहिल्या सीटवर बसतं.

सेन्या

*

केवीनॉ,
शुक्रवार, ११ फेब्रुवारी २०११

चिरंजीव सेन्यास,

पत्र मिळालं. कागद उलटा ठेवला नाही.

डॉक्टर सांगतात ते करावं. काढून टाक. सुटशील.

बर्फ ४४ इंच.

रेइनो

*

डुलूथ,
रविवार, २० फेब्रुवारी २०११

मामा,

तीन ओळी. खिडकीच्या बिजागरीवर तू मला चार पानं लिहिली होतीस.

आईही हाच शब्द वापरायची. "सुटले मी." भांडी घासता घासता, खिडकीबाहेर बघत. कशातून सुटली ते कधी बोलली नाही. आणि चेहरा सुटल्यासारखा कधी दिसला नाही. मी एकटीच का, माझ्यामागे भावंड का नाही, हे विचारलं की सॉनाचा बंब पेटवायला निघून जायची.

तुला माहीत आहे. तू त्या घरात होतास.

सेन्या

*

केवीनॉ,
मंगळवार, १ मार्च २०११, सकाळी ७.१५

चिरंजीव सेन्यास, आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन चुलीत गेली.

१९७९, फेब्रुवारीची २२ तारीख, गुरुवार. तू चार वर्षांची होतीस आणि तुला मोठ्या मावशीकडे ठेवलं होतं. हिल्याला, तुझ्या आईला, मी ट्रकमधून हँकॉकला इस्पितळात घेऊन चाललो होतो. ती वर्षभर तुझ्यासारखीच वाहत होती. बर्फ इतका पडत होता की रस्ता आहे की आपण आहे असं मानतो आहोत, तेच कळेना. ती गळाबंद स्वेटरमध्ये होती. उन्हाळ्यातही तेच घालायची, कारण गळा सुजलेला दिसायचा. अर्ध्या वाटेत तिने विचारलं, "रेइनो, तुला काय वाटतं?" मी तेवीस वर्षांचा होतो, मला रस्ता दिसत नव्हता आणि मला लवकर पोचायचं होतं. मी म्हणालो, "काढून टाक. सुटशील."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचे एकवीस मैल ती काच पुसत राहिली.

नऊ वर्षांनी एका नव्या डॉक्टरने तिच्या गळ्याला हात लावला आणि थायरॉइड सापडलं. तोवर पाळीचा प्रश्नच उरला नव्हता. तिला आणखी मुलं हवी होती. मला माहीत होतं. तरी तुला तोच शब्द लिहिला, कारण दुसरा मला येत नव्हता. क्षमा कर.

आता माझ्या कामाचं. १९९४ साली माझे आकडे सलग तीन आठवडे कमी आले. मी मोजायची काठी बदलली, बर्फ झेलायची पाटी बदलली, खात्याला खरमरीत पत्र लिहिलं. काठी बरोबर होती. त्या महिन्यात पाय मुरगळला म्हणून मी सातऐवजी दुपारी मोजत होतो आणि तोवर बर्फ उन्हाने बसत होता. वस्तू तीच, माप तेच, वेळ चुकीची.

तुझ्या पत्रात डोस आहे, आकडा आहे, तारखा आहेत. वेळ कुठेच नाही. ती गोळी तू किती वाजता घेतेस, कशाबरोबर, त्याच्या आधी काय, नंतर काय, ते मिनिटांसकट लिही.

मामा

*

डुलूथ,
मंगळवार, ८ मार्च २०११

प्रिय मामा,

पत्र आर्लनला वाचून दाखवलं. त्याने हातातला टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाला, "तुलाही नको आहे का ते ऑपरेशन?" मी म्हटलं, "नको." तो म्हणाला, "मग मला काय टॉवेल धुवायला लावून गप्प बसलीस." आम्ही दोघं रडलो, हसलोही. एवढं तरी तुझ्या त्या ट्रकने केलं.

माझी सकाळ हवी आहे तुला, तर घे. ४.४५ ला उठते. ४.४८ ला कॉफी ठेवते, दिवा लावत नाही, चुलीचा निळा उजेड पुरतो. ४.५४ ला कपात चीज, त्यावर कॉफी. पहिला तुकडा तोंडात मऊ झाला की थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी एकदमच, वरून कॉफीचा मोठा घोट. चीज असलं की घशाला काही लागत नाही. आई अशीच घ्यायची तिची. ५.०५ ला दाराबाहेर.

सगळं एका घोटात उरकतं. बसवाल्या बाईला दोनदा गोळ्या आठवायला वेळ नसतो.

सेन्या

*

केवीनॉ,
बुधवार, १६ मार्च २०११

चिरंजीव सेन्यास, आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन हँकॉकला औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण बाई होती, नाकात चमकी. मी म्हटलं, "मला उत्तर नको, कारण हवं." तिने तुझं ४.५४ वाचलं आणि चष्मा काढला.

"काका, ही गोळी एकलकोंडी आहे. हिला रिकामं पोट आणि नुसतं पाणी लागतं. कॉफी हिला पोटातून अंगात शिरू देत नाही. लोह तर हिला धरूनच ठेवतं. दुधातलं कॅल्शियमही तसंच. हे चीज कसलं?"

"मी केलेलं," मी म्हणालो.

"चांगलं असणार."

"उत्तम असतं."

"तर ते उत्तम चीज आणि लोह चार तासांनी. कॉफी निदान एका तासाने. आत्ता तुमची भाची गोळी घेते आहे खरी, पण ती अंगी लागते थोडीच. बाकीची वाया."

मग मी विचारलं, आणि लोह कशाला लागतं? रक्त जातं म्हणून. रक्त का जातं? थायरॉइड मंद म्हणून. थायरॉइड मंद का राहतं? लोहाबरोबर गोळी घेते म्हणून. बाई म्हणाली, "गोल फिरताय तुम्ही." मी म्हटलं, "मी नाही, ती फिरते आहे, दोन वर्षं."

परत येताना तळ्याकाठी ट्रक थांबवला. हिल्याला मी शेवटपर्यंत दर महिन्याला चीज पोचवलं. ती शेवटपर्यंत थकलेली होती. तिची गोळी तरी तिला कधी पुरती लागली का, हे आता कोणाला विचारू?

डॉक्टर ओस्बींना हे सगळं सांग. त्यांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नकोस. मी बर्फवाला आहे. आणि ऑपरेशनची तारीख पुढे मागून घे.

मामा

*

डुलूथ,
बुधवार, ३० मार्च २०११

प्रिय मामा,

डॉक्टर ओस्बींनी तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, "मी विचारलं होतं, गोळी रोज घेतेस ना? तू हो म्हणालीस. कशाबरोबर, ते आपण दोघींनीही काढलं नाही." मग म्हणाल्या, "तुझ्या मामाला सांग, मी त्यांना नोकरीवर ठेवीन. पण चीज आणायचं नाही."

आता गोळी ३.५० ला, नुसत्या पाण्याबरोबर. मग मी तासभर अंधारात बसते. कॉफीच्या आधीचा हा तास मला कोणीतरी नव्याने दिल्यासारखा वाटतो. तळं दिसत नाही, पण आहे हे कळतं. लोह आणि चीज दहा वाजता, डेपोत.

डोस तूर्त तोच. सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं, कारण आता सगळी गोळी लागायला लागली तर डोस जास्तही होईल. ऑपरेशन १८ ऑगस्टवर ढकललं आहे, शाळा उघडायच्या आत. शस्त्रक्रियेवाले डॉक्टर म्हणाले, तोवर फरक नाही पडला तर पुन्हा पुढे जाणार नाही.

सेन्या

*

डुलूथ,
गुरुवार, २ जून २०११

मामा, मामा,

कुठून सुरू करू. बर्फ फुटला. मी वर आले. मुलांचे आवाज आता कानाशी आहेत, प्रत्येकाचा निराळा, पानांसारखे. टॉवेल कपाटात आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला पाळी आली ती पाच दिवस. पाच. मग बावीस तारखेला दीड दिवस, नुसता डाग. आणि त्यानंतर नाही. आज एक्केचाळिसावा दिवस.

मी तपासलेलं नाही. दुकानात जाऊन बाळाच्या चाचणीची ती पेटी हातात घेतली आणि परत ठेवली. रक्ताची तारीखही टाळली, दोनदा. कोणी सुई टोचली तर हे फुटेल असं वाटतं. थोडे दिवस मला ह्यात राहू दे. झोप येत नाही पण हवी कोणाला, पहाटे तीनलाच उठते, अंग गरम असतं, छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडतं. त्या थांब्यावर काल रात्री पुन्हा बस थांबली. धुकं नव्हतं. पायरीवर पाऊल वाजलं.

आर्लनला सांगितलं नाही. तुलाच पहिल्यांदा.

सेन्या

*

केवीनॉ,
बुधवार, ८ जून २०११, सकाळी ९.४०

चिरंजीव सेन्यास, आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं आणि बाहेर जाऊन सफरचंदाच्या झाडाखाली उभा राहिलो. फुलं गळत होती, अंगावर पडत होती, मी झाडली नाहीत. खोटं लिहीत नाही: मला ते खरं हवं आहे. तुझ्याइतकंच.

पण तुझं अक्षर धावतं आहे. फेब्रुवारीत ओळीत सात शब्द होते, आता बारा, आणि वेलांट्या थरथरतात. हात पुढे धर आणि त्यावर कागद ठेव. हलतो का? नाडी मोज, पूर्ण मिनिट, अर्ध्याची दुप्पट नको. वजन कर.

काठी आधी जास्त दाखवत होती आणि आता कमी दाखवते, एवढ्याने ती बरोबर ठरत नाही. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की डोस जास्त होऊ शकतो. कमी औषधाने पाळी वाहिली, तर जास्त औषधाने ती आटणार नाही कशावरून?

सेन्या, बाळ असेल तर त्याच्यासाठी तुझा डोस बरोबर असायलाच हवा, आणि तो लगेच. नसेल तर तुझ्या छातीतल्या त्या पाखरासाठी हवा. दोन्हीकडून वाट रक्ततपासणीलाच जाते. हे लिहायला मला जड गेलं. त्या ट्रकमध्ये मी पटकन बोललो होतो. ह्या वेळी पूर्ण सकाळ घेतली आहे.

आजच जा. आर्लनला बरोबर घे.

मामा

*

डुलूथ,
मंगळवार, २१ जून २०११

मामा,

नाही.

नाडी एकशे आठ होती. वजन अकरा पौंड उतरलेलं. बाळाची चाचणी नकारार्थी, आणि थायरॉइडचा आकडा एकोणीसवरून जवळजवळ शून्यावर. दोन वर्षं चढवत नेलेला तो पावणेदोनशेचा डोस आता सगळाच्या सगळा अंगात चालला होता. डॉक्टर ओस्बी म्हणाल्या, "कमी पडलं की पाळी वाहते, जास्त झालं की हरवते. तुझ्या पोटात कोणी नव्हतं, सेन्या. औषध होतं." आजपासून सव्वाशे.

माझ्यावर रागावल्या. सहा आठवड्यांनी यायचं ते अकरा झाले. "हृदयाशी खेळलीस," म्हणाल्या. परतताना गाडी आर्लन चालवत होता. मग वळणावर म्हणाला, "मला का नाही सांगितलंस? मीही दोन आठवडे बाप झालो असतो."

तुझ्यावर राग नाही. होता, पत्र वाचल्यावर, तासभर.

सेन्या

*

केवीनॉ,
सोमवार, २७ जून २०११

चिरंजीव सेन्यास, आशीर्वाद.

मी शेजारच्या कोस्कीला सांगून टाकलं होतं. कधी नव्हे ते. आता त्याच्याकडे जाऊन परत सांगावं लागलं. तो म्हणाला, "मग काय झालं, पुढे होईल." त्याला दुधातलं काही कळत नाही, पण हे वाक्य बरं होतं.

तळ्यावर सध्या सकाळी असं होतं की पाणी आणि आकाश ह्यांच्यामधली रेघच नसते. नाव आहे ती हवेत टांगलेली. मी तिच्याकडे बघत बसतो आणि काही मोजत नाही.

ऑगस्टच्या तारखेचं काय करायचं ते तू ठरव. मी काही सुचवणार नाही. तू विचारलंस तरी नाही.

मामा

*

डुलूथ,
सोमवार, ८ ऑगस्ट २०११

प्रिय रेइनोमामा,

३ जुलैला पाळी आली. पाच दिवस. मग ३१ जुलैला आली. मध्ये अठ्ठावीस दिवस, हवं तर मोजून बघ. पुन्हा पाच. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, चौथ्याला थोडं कमी, पुस्तकात लिहितात तशी. छातीतलं पाखरू गेलं. झोप लागते, आणि स्वप्नात काही येत नाही. सकाळ होते एवढंच.

बुधवारी रक्ताचा आकडा आला. दोन पूर्णांक एक. डॉक्टर ओस्बींनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "आता तुझं गर्भाशय काढायला मला तरी कारण दिसत नाही. बाळाचं मी सांगू शकत नाही. राहिलं तर त्याच दिवशी फोन कर, डोस वाढवावा लागतो. नाही राहिलं तरी ही पाळी तुझी आहे."

३१ तारखेच्या सकाळी मला वाईट वाटलं. मनात कुठेतरी वाट पाहत होतेच. आर्लनला सांगितलं, "आली." तो म्हणाला, "बरं." मग जवळ बसला. आम्ही कॉफी व्हायची वाट पाहिली.

आज सकाळी शस्त्रक्रियेच्या विभागात फोन केला. एक बाई होती, घाईतली.

"अठरा तारीख रद्द करायची आहे," मी म्हटलं.

"पुढची देऊ?"

"नको."

"कारण लिहावं लागतं."

मला वाटलं डोस सांगावा, आकडा सांगावा, सगळी दोन वर्षं सांगावीत.

"मला ते हवं आहे," मी म्हटलं.

"काय हवं आहे?"

"जे तुम्ही काढणार होतात ते."

 मग ती बाई हळू म्हणाली, "ठीक आहे. तसंच लिहिते."

तुझी,
सेन्या